गच्चीवरची झडप

आधी शिष्या आणि मग सून, असं नातं त्या वाचनालयात कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून तिचं नावच सूनबाई पडलं. आता ती तळघरातल्या प्लँट रूमची प्रमुख होती. अंगात निळा कोट, खिशात टेस्टर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पण पाचव्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाईंपासून दारावरच्या रखवालदारापर्यंत कुणाच्याच जिभेवर दुसरं नाव बसेना. एकदा तर बदलीच्या सुटीच्या अर्जावर ग्रंथपालबाईंनी चुकून "सूनबाईंना मंजूर" असं लिहून खाली सही ठोकली होती.

तिच्या सासऱ्यांना सगळे बर्फकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी ती इमारत थंड ठेवली. पाच मजले, लाखभर पुस्तकं, नकाशांचं दालन आणि शेसव्वाशे विद्यार्थी बसतील असा वाचनकक्ष, एवढं सगळं तळघरातल्या दोन चिलरवर चालायचं. चिलर पाणी थंड करायचे, ते पाणी गच्चीवरच्या मोठ्या पंख्याच्या खोलीत चढायचं आणि तिथून गार हवा खाली पाठवली जायची. बर्फकाकांचा हात सढळ होता. भर उन्हाळ्यात लोक वाचनालयात शाल घेऊन येत.

सहा वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे शिकाऊ म्हणून आली, त्याच्या आठव्या दिवसाची गोष्ट. तिने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीच्या अंगाला लावलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाली, "काका, आतली बेअरिंग कुरकुरतेय." बर्फकाकांना काही ऐकू आलं नाही, पण त्यांनी मोटर उघडली. बेअरिंग खरंच गेली होती. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं की मुलासाठी मुलगी पाहिली आहे. मुलगी दिसायला कशी आहे, या प्रश्नावर ते जरा गोंधळले. ग्रीस लागलेलं होतं, नीट पाहिलं नाही, म्हणाले. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. बापाची निवड आहे म्हणून तो आढेवेढे घेतच भेटायला गेला आणि तासाभरात तिच्यावर बापाहून जास्त खूश झाला.

बर्फकाका निवृत्त झाल्याला चार वर्षं झाली होती. घरात जेवताना गप्पा कॉम्प्रेसरच्याच. सासूबाई वैतागून म्हणायच्या, ताटात भाजीशेजारी थोडं ऑइलही वाढू का?

त्या वर्षी थंडीच्या दिवसांत परीक्षेचा हंगाम सुरू झाला आणि दोनपैकी एक चिलर बसला. आतला मोठा सुटा भाग बाहेरून मागवायचा होता, दीड महिना लागणार होता. उरलेला एकटा सगळा भार ओढू लागला आणि चारच दिवसांत त्याचाही आवाज बदलला. सूनबाईने स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं आणि ती थेट ग्रंथपालबाईंकडे गेली. ग्रंथपालबाई म्हणाल्या की वाचनकक्ष बंद करू. वर नुसते दिवे आणि कॉम्प्युटर राहिले तर भार निम्मा होईल. पण घरी अभ्यासाला जागा नाही म्हणून जी मुलं सकाळी सातला रांग लावत, त्यांचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई स्वेटर घालून, हात चोळत कामावर आली. दाराशी तोंडातून वाफ निघत होती. आत पाऊल टाकलं तर माणसांची आणि दिव्यांची ऊब, आणि ती ऊब मारायला खाली चिलर जीव तोडून चालतोय. ती जिन्यातच थांबली. बाहेर फुकटची थंडी पडली आहे आणि आपण तळघरात थंडी बनवतोय, हे तिने आजवर शंभरदा पाहिलं होतं. पण म्हाताऱ्या यंत्राचा दम लागलेला आवाज कानात होता म्हणून असेल, त्या दिवशी ते तिला पहिल्यांदाच वेडेपणाचं वाटलं.

अशा यंत्रांना बाहेरची हवा आत घ्यायला एक झडप असते. बाहेर गारवा असला की ती उघडायची, पंख्याने बाहेरचीच हवा खाली ढकलायची आणि चिलरला सुटी द्यायची. इथली झडप कुठे आहे? ती गच्चीवर गेली. ती शिकाऊ असताना बर्फकाकांनी तिला तळघराचा स्क्रू न् स्क्रू दाखवला होता, पण गच्चीवर मात्र ते एकटेच जात. गुडघे दुखत असले तरी एकटेच. पुढे ती पंख्याच्या खोलीत येऊ लागली, तरी खोलीच्या मागे कधी गेली नव्हती.

पंख्याच्या खोलीमागे, उत्तरेच्या भिंतीला तिला ती सापडली. माणूस उभा राहील एवढी उंच. तिच्यावर जाड पत्रा ठोकला होता, कडांना डांबर भरलं होतं आणि पत्र्यावर काळ्या रंगात दोन शब्द होते: उघडू नये. अक्षर ओळखायला तिला क्षणही लागला नाही. घरात या अक्षरापासून सुटका नव्हती. प्रत्येक बटणाखाली ते होतं, प्रत्येक डब्यावर होतं. धुण्याच्या सोड्याच्या बरणीवर "हे मीठ नाही" असं लिहिलेलं होतं, तेही याच अक्षरात.

खाली येऊन ती थेट बाइंडरमावशींकडे गेली. मावशी तिसऱ्या मजल्यावर फाटकी पुस्तकं शिवायच्या आणि वाचनालयात सगळ्यांत जुन्या होत्या. त्यांनी सुई बाजूला ठेवली.

पंचवीस वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, पलीकडच्या गल्लीतल्या रंगाच्या गोदामाला आग लागली होती. झडप तेव्हा उघडी असायची. ती बंद करायची तर गच्चीवर जाऊन हाताने चाक फिरवावं लागे, आणि त्या दुपारी चाक फिरवायला कुणी नव्हतं. तास-दीड तास पंखा तो काळा धूर ओढत राहिला. सगळ्यांत जास्त काजळी नकाशांच्या दालनात उतरली. हाताने रंगवलेले चाळीस नकाशे काळवंडले. बर्फकाकांना लेखी ताकीद मिळाली. पुढचे सात महिने ते रोज ड्यूटी संपल्यावर मावशींशेजारी बसून कापसाच्या बोळ्याने एकेक नकाशा टिपून काढत होते. एकतीस नकाशे वाचले, नऊ गेले.

"कुठे गेले होते ते त्या दुपारी?" सूनबाईने विचारलं.

मावशींना ते माहीत नव्हतं. त्या वेळच्या साहेबांनी विचारलं तेव्हाही बर्फकाकांनी सांगितलं नव्हतं. ताकीद तशीच खिशात घातली होती.

ग्रंथपालबाईंना झडप उघडायची कल्पना पसंत पडली. पत्रा आजच काढा, म्हणाल्या. सूनबाईने एक दिवस मागून घेतला. पत्रा कापायला कटर वीस मिनिटं घेईल, हे तिला कळत होतं. पण त्या दोन शब्दांवरून कटर फिरवायचा तर ज्याने ते लिहिले त्याला विचारल्याशिवाय तिचा हात उठणार नव्हता.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने विषय काढला. चिलरची दशा सांगितली, वाचनकक्षाचं सांगितलं, आणि मग गच्चीचं. बर्फकाकांनी कप खाली ठेवला. "ती उघडायची नाही," एवढंच बोलले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. सासूबाईंनी तिला डोळ्यांनी खुणावलं, आता काही बोलू नकोस. नवरा पेपर तपासत बसला होता, त्याने मान वर करून दोघींकडे पाहिलं. त्याला काही उमजलं नाही. रात्री चौघं जेवायला बसली. त्या घरात कॉम्प्रेसरशिवायचं ते पहिलंच जेवण असावं.

सकाळी ती वाचनालयाच्या दाराशी पोचली तर बर्फकाका तिच्या आधीच तिथे उभे. हातात त्यांची जुनी कामाची पिशवी.

"चल वर," म्हणाले.

पाच मजले चढताना ते तीनदा थांबले. लिफ्ट आहे, हे तिने एकदाच सांगून पाहिलं. पत्र्यासमोर आल्यावर त्यांनी एका उलट्या बादलीवर बूड टेकलं, श्वास सावरला, आणि तिच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या आणि लिंबू-चमच्याच्या शर्यतीत त्याचं नाव होतं. बाबा, तुम्ही कधीच येत नाही, असं तो आदल्या दिवशी म्हणाला होता. रागावून नाही, नुसतंच. शाळा दहा मिनिटांवर. दुपारचं यंत्र शांत चाललं होतं. कुणाला न सांगता ते दीड तास गेले.

"परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी धूर दिसला. पळत वर आलो. चाक फिरवलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं." ते थांबले. "घरी काय सांगणार? सांगितलं असतं तर पोराला वाटलं असतं, आपल्या शर्यतीपायी बाबांना बोलणी बसली. म्हणून मग हा पत्राच ठोकला. पुन्हा प्रश्नच नको."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांनी तर ताकाचं भांडंच डांबर लावून बंद केलं होतं. सूनबाईला हसू आलं नाही. त्या दुपारनंतर निवृत्त होईपर्यंत यांनी तळघर सोडून कुठे पाऊल टाकलं नाही, कुठल्या लग्नाला धड थांबले नाहीत, आणि घरात सगळे त्यांना यंत्राचं वेड आहे म्हणून हसत आले, हे तिला एकदम वेगळं दिसायला लागलं.

"बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही," ती म्हणाली.

त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "उघडलीस आणि पुन्हा धूर आला. तू जागेवर नाहीस. मग?"

तिने सांगितलं. आता चाक लागत नाही. झडपेला स्प्रिंगची मोटर बसवायची. वीज आहे तोवर मोटर झडप उघडी धरून ठेवते. समोर धूर ओळखणारं यंत्र असतं. धूर दिसला की ते वीज तोडतं आणि स्प्रिंग झडप मिटवते. वीज गेली, वायर तुटली, काहीही बिघडलं, तरी झडप मिटतेच.

"म्हणजे माणूस नकोच."

"माणूस हवाय. पण त्याला पोराच्या शर्यतीला जाता आलं पाहिजे."

बर्फकाका बादलीवरून उठले. मग पिशवीतून त्यांनी छिन्नी आणि हातोडा काढला. डांबर कटरने निघत नाही, गरम होऊन चिकटतं, आधी छिन्नीने खरवडायचं, म्हणाले. आणि पहिला घाव त्यांनीच घातला.

झडप गंजली होती, तिची पाती सरळ करायला दोन दिवस गेले. नवीन गाळण्या बसल्या, मोटर बसली, धुराचं यंत्र बसलं. पाचव्या दिवशी बर्फकाकांनी एका डब्यात तेलकट चिंध्या पेटवल्या आणि डबा झडपेसमोर धरला. धूर आत वळला, आणि सात अंक मोजायच्या आत झडप धाडकन मिटली. त्यांनी पुन्हा करायला लावलं. मग डबा लांब धरून, मग वायर उपटून, मग मेन स्विच पाडून. अकरा वेळा. बाराव्या वेळी इलेक्ट्रिशियनने हात जोडले तेव्हा कुठे ते म्हणाले, ठीक आहे, हिला अक्कल आहे. हिला म्हणजे झडपेला की सुनेला, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला झडप उघडली आणि तळघरातला चिलर बंद केला. अशी शांतता प्लँट रूमने कधी ऐकलीच नव्हती. वर वाचनकक्षात मुलं बसली होती, सव्वाशेच्या सव्वाशे, आणि काट्यावर तेवीस अंश. बाहेरच्या हवेवर. दुपारी दोन ते पाच तेवढा चिलर लावावा लागे, बाकी दिवसभर त्याला आराम. आठवड्यात त्याचा आवाज सुधारला. एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. वाचनकक्षातल्या जांभया कमी झाल्या. इतकी वर्षं सगळ्यांनी दोष पुस्तकांना दिला होता.

बर्फकाका रोज यायला लागले. वर्तमानपत्र वाचायला येतो, असं सांगायचे.

दहाव्या दिवशी वारं फिरलं. आकाश भरून आलं, थंडी मोडली, बाहेर वीस अंश झाले. सूनबाईने झडपेची हद्द एकवीसवर ठेवली होती, म्हणून झडप उघडीच राहिली. अकराच्या सुमाराला बर्फकाका तळघराचा जिना उतरून आले. तिच्याजवळ येऊन, मदतनिसाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "वरचा पेपर वाजत नाहीये."

तिला समजेना. त्यांनी खिशातून घडी केलेलं वर्तमानपत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने पान उलटलं. करकर नाही, सळसळ नाही. कापडासारखं मऊ पडलेलं.

ती धावत नकाशांच्या दालनात गेली. बाइंडरमावशी खण उघडून उभ्या होत्या. वाचवलेल्या एकतीस नकाशांपैकी तीन-चारांच्या कडा वर उचलल्या होत्या. हवा गार होती, पण ओली होती. तिने अंश पाहिले होते, ओल पाहिली नव्हती. तिने हाताने झडप मिटवली, चिलर चालू केला. चिलरच्या थंड नळ्यांवर हवेतली ओल पाणी होऊन गळून जाते. मावशींनी नकाशांवर टीपकागद आणि वजनं ठेवली. संध्याकाळपर्यंत कडा बसल्या, नुकसान काही झालं नाही. पण सूनबाईचा चेहरा उतरला तो उतरलाच. आता बाबा उद्या पत्रा घेऊन येणार, आणि आले तर आपण कोणत्या तोंडाने अडवणार, असं तिला वाटत राहिलं.

रात्रीच्या जेवणाला ती नुसती घास चिवडत होती. नवऱ्याने दोनदा विचारलं, ती काही नाही म्हणाली. सासूबाईंनी बर्फकाकांकडे पाहिलं.

बर्फकाकांनी पाण्याचा घोट घेतला. "माझी चूक हिच्याहून मोठी होती," ते म्हणाले, आणि पंचवीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी भात कालवता कालवता सांगून टाकली. गोदाम, धूर, नऊ नकाशे, शर्यत. सगळं. सुनेला हलकं वाटावं एवढाच त्यांचा हेतू होता. आपण कुणासमोर बोलतोय हे त्यांना शेवटच्या वाक्याला आठवलं, आणि ते एकदम ताटाकडे बघायला लागले.

नवरा हात तसाच ठेवून ऐकत होता.

"मी तिसरा आलो होतो," तो म्हणाला.

"हो."

"तिघंच पळत होतो, बाबा."

सासूबाईंना आधी हसू फुटलं, मग सूनबाईला, आणि शेवटी बर्फकाकांनाही. हसता हसता त्यांनी पंच्याने डोळे पुसले. मुलगा हसत नव्हता. त्याला त्या शर्यतीचं दुसरं काही आठवत नाही, म्हणाला. कोण पहिलं आलं, कोण दुसरं, काही नाही. कुंपणाशी निळा कोट घालून बाबा उभे होते, तेवढं मात्र लख्ख आठवतं. मग त्याने बापाच्या ताटात आमटी वाढली, जी त्यांना नको होती, आणि त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

जेवण झाल्यावर बर्फकाकांनी वही काढली. सूनबाईला भीती होती, पण पत्र्याचं नावही त्यांनी काढलं नाही. हवा किती गार, किती ओली, कोणत्या वेळी उघडायचं, कधी अर्धं, याचा तक्ता दोघं मांडत बसली. गणिताच्या मास्तरांनी मध्ये डोकं घातलं आणि एक चूक दाखवली, ती दोघांनाही मान्य करावी लागली. ओल मोजणारं यंत्र मागवायचं ठरलं, पण ते यायला महिना होता. तोवर काय? बर्फकाकांनी दुसऱ्याच दिवशी दोन साधे तापमापक आणले आणि बाल्कनीत शेजारी शेजारी टांगले. एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळली. हवा कोरडी असली की चिंधीचं पाणी भराभर उडतं आणि त्यातला पारा खाली उतरतो. हवा ओली असली की दोन्हींतला पारा सारखाच राहतो. दोघांत फरक मोठा असेल तर झडप उघडायची, नसेल तर नाही. इतकं सोपं.

रोज सकाळी सातला तळघरातला फोन वाजू लागला. कसलाही रामराम न करता पलीकडून आवाज यायचा, "सुका सोळा, ओला बारा. उघड."

परीक्षा झाल्या. वाचनकक्ष एक दिवसही बंद पडला नाही. पहिल्या चिलरचा सुटा भाग आला, आणि घाई नव्हती म्हणून सूनबाईने तो पूर्ण खोलून, धुऊन, नीट जोडला. या चिलरच्या नशिबी इतक्या वर्षांत असं सुख आलं नव्हतं. ओल मोजणारं यंत्रही आलं. ते गच्चीवर बर्फकाकांनीच बसवलं, त्याचे आकडे थेट तिच्या समोरच्या पडद्यावर दिसू लागले. दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजलाच. यंत्राचं एक मत, माझं एक, म्हणाले. ती पडद्याकडे पाठ करून आकडे लिहून घ्यायची. अर्ध्या अंशाच्या वर फरक कधी आला नाही.

एकदा मात्र सात वाजून गेले, सव्वासात झाले, तरी फोन नाही. सूनबाई हातातलं काम सोडून उभी राहिली. घरी लावणार, तेवढ्यात वाजला. पलीकडे सासूबाई होत्या. त्यांना सर्दी झालीय, झोपलेत, मीच उठू दिलं नाही, म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या.

"मी चष्मा लावून बघितलंय. सुका पंधरा, ओला अकरा. पुढे ते काय म्हणतात गं?"

"उघड म्हणतात, आई."

"मग उघड," सासूबाई म्हणाल्या. "आणि डबा राहिलाय तुझा ओट्यावर. दुपारी पाठवते."